कौसल्याबाईच्या चाकातला दिवा

सायकलच्या दुकानात किस्से शोधायला जावं लागत नाही. पंक्चरचं सोल्युशन वाळेपर्यंत गिऱ्हाइकाला बाकड्यावर बसावंच लागतं, आणि बसलेला माणूस कधी गप्प राहत नाही! केडगावात आमचं दुकान आहे. जुन्या ट्यूब खिळ्याला लटकत राहतात ना, तसे हे किस्सेही लटकून राहिलेत. यातले बरेचसे एकट्या कौसल्याबाईच्या दिव्याचेच आहेत, म्हणून आज तेवढेच सांगते.

कौसल्याबाई आमच्या पलीकडच्या वाडीवरची. तीन म्हशी आहेत. पहाटे साडेचारला सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून केडगावात घरोघर रतीब घालते. हिवाळ्यात त्याच वेळी रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. ट्रॉलीला मागे दिवा असला तर नशीब!

तिच्या सासूबाईंना हे सायकलवर जाणं मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "येकदा जरी पडलीस, तर रतीब बंद. दूध डेअरीला घालू."

कौसल्याबाईला ते नको होतं. ती मला म्हणायची, "ताई, डेअरीत दूध घातलं की कॅनमदी जातं. रतीब घातला की बायका इचारत्यात, कौसल्या, आज उशीर का? मला ते इचारणं पायजे."

म्हणून दिवा.

*

आधी तिने चार्जिंगचा दिवा घेतला होता. चांगला झगझगीत. पण घरात चार्जिंगचा पॉईंट एकच, आणि त्यावर सासूबाईंचा भजनं ऐकायचा मोबाईल. रात्री कौसल्याबाई दिवा चार्जिंगला लावायची, सासूबाई काढून मोबाईल लावायच्या. पहाटे रस्त्यावर दिवा डोळे मिटायचा.

चार दिवसांनी ती दुकानात आली. "ताई, माझा दिवा सासूच्या भजनावर चालतोय!"

आमच्या शिंदेमामांनी लगेच जुना डायनॅमो काढला, टायरला घासून चालणारा, बाटलीसारखा. मामा आमचे मेकॅनिक. चाळीस वर्षं पाना हातात. त्यांच्या मते सायकलमध्ये जे काही चांगलं व्हायचं होतं ते चाळीस वर्षांपूर्वीच होऊन गेलं आहे.

डायनॅमो बसवला. कौसल्याबाई एक फेरी मारून आली आणि उतरून म्हणाली, "मामा, म्या दूध घालायला निगाले का जात्यावर बसले?" वर चिखलात टायर ओलं झालं की तो घसरायचा आणि दिवा जायचा तो वेगळाच.

शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाने, संदीपने, ऑनलाइन दिव्यासकट हब डायनॅमो पाठवला. हा पुढच्या चाकाच्या मधोमध, हबमध्येच असतो. चाक फिरलं की वीज. घासणं नाही, चार्जिंग नाही, आणि सासूबाईंच्या मोबाईलशी भांडण नाही!

*

खोकं उघडलं. मामांनी हब हातात घेतला, दांडी बोटांनी फिरवली. खट. खट. खट. अडकत अडकत फिरत होती.

मामांचा चेहरा एकदम डॉक्टरसारखा झाला. "ताई, बेअरिंग गेलंय. नवा माल म्हनून जुना गळ्यात मारलाय. थांबा, खोलतो, ग्रीस भरतो, लोण्यावानी फिरंल."

आता आमच्या दुकानात एक रीत आहे. खोक्यावरचं इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडे, कारण मी दहावी झालेय आणि मामा चौथीत शाळेला रामराम करून आलेत. मी कागद उलगडून एकेक शब्द लावत बसले. तोवर मामांनी पाना लावलाही!

मी घाबरून संदीपला फोन लावला. "अरे, हे अडकत फिरतंय. मामा म्हणतात खोलू."

तिकडून तो ओरडलाच, "काकू, आधी मामांच्या हातातला पाना काढून घ्या! मग बोला!"

आत लोहचुंबक असतो, म्हणून हाताला तसं लागतं. खोललं तर आतली तार तुटते. हे त्याने सांगितलं, तेच कागदावर तिसऱ्या ओळीत मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. मी अजून दुसऱ्या ओळीवर होते.

*

मग हबाला स्पोकच्या तारा ओवायची भोकं निघाली छत्तीस आणि कौसल्याबाईच्या रिमला बत्तीस.

मामा म्हणाले, "चार सोडून देऊ. कोन मोजतंय?"

"रस्ता मोजतोय की, मामा!" कौसल्याबाई म्हणाली.

आमच्या ह्यांनी नगरच्या सगळ्या दुकानांत शोधून छत्तीस भोकांची रिम आणली. मामांनी चाक विणायला घेतलं. चाक विणताना मामा रिमकडे बघत नाहीत, समोरच्या चहाच्या टपरीकडे बघतात. हातच काम करतात. तासाभरात चाक तयार, असं सरळ की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी पंक्चर. तिसऱ्या दिवशी पंक्चर. टायर काढून बघितलं तर सगळ्या तारांची टोकं रिमच्या आत वर आलेली, आणि ट्यूबला टोचतायत! हा हब जुन्या हबापेक्षा जाड, डब्याएवढा. त्याला तारा आखूड लागतात. मामांनी नेहमीच्याच घातल्या होत्या.

मामांनी एक तार काढून बोटांनी मापली. मग म्हणाले, "हाताला ठाऊक न्हवतं हो ताई. हात जुना हाय."

आखूड तारा आणून चाक पुन्हा विणलं. या वेळी टपरीकडे पाठ करून.

*

आमच्या बाकड्यावर रोज पेपर वाचायला एक निवृत्त गुरुजी येतात. पेपर आमचा, मतं त्यांची.

गुरुजींनी जाहीर केलं, "वीज काही फुकट तयार होत नाही. ती पायातून जाते. या बाईला दुप्पट जोर लागणार. शास्त्र आहे!"

कौसल्याबाईचा चेहरा उतरला. आधीच किटल्यांचं ओझं.

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्हीच एक फेरी मारून सांगा ना."

गुरुजी धोतर सावरून बसले आणि देवळाच्या पटांगणाला तीन फेऱ्या मारून आले. धापा टाकत उतरले. "बघा! मी काय म्हणत होतो? मांड्या भरून आल्या! हा दिवा माणूस मारील!"

मामा खाली वाकून बघत होते. म्हणाले, "गुरुजी, वायर जोडायची हाय अजून."

गुरुजींनी वायरकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "मग विचार करा, जोडल्यावर काय होईल!"

*

वायर जोडली. कौसल्याबाईने चालवून बघितलं आणि "काय कळत सुदिक न्हाई" म्हणाली. गुरुजी त्या दिवशी पेपर न वाचताच गेले.

दिवा मामांनी लावला होता. पहिल्याच दिवशी रतीब घालून ती दुकानात परत आली. समोरून येणाऱ्या दोन टेम्पोवाल्यांनी तिला शिव्या घातल्या होत्या, आणि वडावरचे कावळे वेळेआधी उठले होते.

मामा म्हणाले, "लांबचं दिसाया पायजे म्हनून वर केलाय."

"मामा, मला खड्डा बगायचाय, शुक्राची चांदनी न्हाई!"

मग मी कागदातलं चित्र बघून शटरवर खडूने रेघ मारली. सायकल पाच पावलं मागे उभी केली, मामांनी चाक उचलून फिरवलं, आणि दिव्याच्या उजेडाची वरची कड रेघेच्या जरा खाली येईपर्यंत मी दिवा वाकवत राहिले. तेवढ्यात आमचे हे आले. मी शटरसमोर उकिडवी, मामा चाक फिरवतायत, कौसल्याबाई "खाली, खाली, अजून खाली" म्हणतेय.

हे म्हणाले, "पूजा संपली की चहा सांगा."

*

आता शेवटचा. हा कौसल्याबाईने स्वतः सांगितलेला, आणि तिचा नवरा दत्तू बाकड्यावरच बसला होता, मान खाली घालून. त्यामुळे खरा धरायला हरकत नाही.

नवा दिवा लागला तरी सासूबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी दत्तूला सांगितलं, "मोटरसायकल घिऊन तिच्या मागनं जा. पडती का बघ, आन मला सांग."

पहाटे दोघं निघाले. पुढे कौसल्याबाई सायकलवर, किटल्या भरलेल्या. मागे दत्तू मोटरसायकलवर, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने मोबाईल कानाला. आईला सगळं सांगत होता.

"व्हय आई. न्हाई, अजून न्हाई पडली. व्हय, सरळ चाललीय. आता वळनावर आली..."

वळणावर उसाच्या ट्रॉलीतून मोळी सुटून रस्त्यावर पसरलेली होती. कौसल्याबाईला खाली पडलेला उजेड दहा हातांवरून ऊस दाखवून गेला. तिने सायकल अलगद कडेने काढली. दत्तू तिच्या पाठीकडेच बघत होता, पडते का म्हणून.

धाडकन आवाज झाला. फोन रस्त्यावर, आणि त्यातून सासूबाईंचा आवाज, "पडली ना? म्हनलं हुतं का न्हाई म्या? उद्यापास्नं रतीब बंद! आइकतुयास का दत्तू?"

कौसल्याबाईने सायकल स्टँडवर लावली. चाक थांबलं तरी हा दिवा साठलेल्या विजेवर दोन-चार मिनिटं तेवत राहतो. त्या उजेडात तिने आधी नवऱ्याला उसातून ओढून बसवलं, मग फोन उचलला.

"आत्याबाई, म्या हाय. पडले, पन म्या न्हाई. ह्ये पडले."

पलीकडून सासूबाईंनी विचारलं,

"दूध सांडलं का?"

"थेंब न्हाई."

"त्येला लागलं का?"

"गुडगा खरचटलाय. उटून बसलेत."

तेवढ्यात दत्तूने फोन ओढून घेतला. "आई, काय काळजी करू नगं. म्या उद्या बी येतो हिच्या मागनं."

"तू नगं जाऊस," सासूबाई म्हणाल्या. "तिला रतीब घालायचा आस्तुय. रोज तुला उचलत बसाया तिला कुटं येळ हाय?"