झोपलेल्या रोपांना पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही — तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? नीट माहीत नाही. पण सांगते.

आधी कुल्लूच्या झाडाबद्दल सांगावं लागेल. मेळघाटातल्या खडकाळ उतारांवर ते वाढतं. साल पांढरीफटक, कागदासारखी सुटणारी. सालीवर घाव घातला की डिंक येतो. पाण्यात टाकला तर विरघळत नाही, फुगून लिबलिबीत होतो. लोकांनी फार घाव घातले, जंगलातली झाडं कमी झाली. म्हणून अकोल्याच्या आमच्या कॉलेजात सर बियांपासून रोपं करायला शिकवत होते. मला आणि माझ्या वर्गातल्या अश्विनीला रोपांच्या पिशव्यांचा एकेक वाफा दिला होता. पुढच्या पावसाळ्यात जिची रोपं चांगली फुटतील, तिला सर मेळघाटात डिंकाच्या कामावर सोबत नेणार होते.

मी दर्यापूरकडची. खारपाणपट्ट्यातली, जिथे विहिरींनाही खारं पाणी. घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. दर रविवारी बाबा फोनवर विचारायचे, "मेळघाटाचं सरानं काई सांगतलं का?"

अश्विनी मोर्शीची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. सर प्रश्न विचारायचे आणि ती उत्तर द्यायची — पुस्तकातलं नाही, घरचं. मी पाठ केलेलं ओठांवर येईपर्यंत तिचं बोलून झालेलं असायचं. सर मान डोलवायचे. ती मान डोलावणं मला टोचायचं. तिची रोपंही सरळ वाढत होती, माझी थोडी वाकडी. एकाच बियांची ना? मग का?

आणि त्या बियाही — कुल्लूच्या फळांवर बारीक कुसं असतात, कातडीत शिरून आग करतात. माझी बोटं सुजली, तेव्हा माझ्या वाट्याच्या बिया तिनेच सोलून दिल्या. हाताला फडकं गुंडाळून, मला हसत. "कापूस येचनारे हात तुये, अन् हे नाई जमत?" मीही हसले. आतून नाही.

हिवाळ्यात कुल्लूची रोपं पानं टाकतात. नुसत्या काड्या उरतात. मेली असंच वाटतं. पण खाली गाजरासारखं मूळ असतं, जिवंत, सगळं साठवून बसलेलं. तेव्हाच अश्विनीच्या घरी संत्र्याची तोडणी निघाली. जाताना तिने वाफे माझ्यावर सोपवले.

"मेले नाईत वं ते, झोपले आहेत. पाणी नको देजो. आमी पाणी तोडून संत्र्याले ताण देतो ना, तसं समज."

मला समजलं होतं. हे लक्षात ठेवा — मला नीट समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली भरली. स्वतःला काय सांगितलं? काहीच नाही. हात चालत होते. तिच्या वाफ्याला पाणी घातलं, पिशव्यांच्या तळातून बाहेर येईपर्यंत. माझ्या वाफ्याला थेंबही नाही. ती परत येईपर्यंत रोज. हॉस्टेलच्या मुली येता-जाता म्हणायच्या, मैत्रिणीच्या झाडांना किती जीव लावते ही. झाडाला पाणी घालणाऱ्यावर कोण संशय घेईल?

पाऊस आला तेव्हा माझ्या काड्यांना पालवी फुटली. तिच्या वाफ्यात काही हललं नाही. अश्विनीने एक पिशवी फाडली, मूळ दोन बोटांत दाबलं. काळं, मऊ, वास मारणारं. तिने बोटं मातीला पुसली. मग म्हणाली, "पाणी देल्लं का वं तू?"

मी हो म्हटलं. रडले. रडणं खरं होतं — पण कशाचं, ते तिला वाटलं तसं नव्हतं.

ती स्वतःच सरांकडे गेली. सरांना म्हणाली, हिच्यावर रागावू नका. हिच्याकडे खारं पाणी; गोड्या पाण्याची हिला नवलाई. स्वतःची रोपं कोरडी ठेवून माझ्या रोपांना पाजत राहिली. सरांना पटलं. मला अजून बोलता आलं असतं. मी मान खाली घालून उभी राहिले. माझं गाव, माझं अडाणीपण, आमच्या विहिरीचं खारं पाणी — ज्यांची मला लाज वाटायची, त्या सगळ्यांच्या आड लपले.

मेळघाटात मी गेले. बाबांनी गावात पेढे वाटले. अश्विनीने पुढे दुसरा विषय घेतला. दिवाळीला अजून मला संत्री पाठवते.

मी आता त्याच कॉलेजात पुढचं शिकते, रोपवाटिकेत सरांना मदत करते. दरवर्षी पानं गळाली की सर नव्या मुलांना वाफ्याजवळ उभं करतात आणि एका भाबड्या मुलीची गोष्ट सांगतात, जिने मायेपोटी मैत्रिणीची सगळी रोपं कुजवली. नाव घेत नाहीत. माझ्याकडे बघून थोडं हसतात फक्त. मुलंही हसतात.

मी पाण्याची झारी हातात धरून उभी असते. मीही हसते.