भट्टीला न चालणारी हाडं

तिसरा पंचही कानसेला लागला, म्हणजे मऊच राहिला. कडक पोलादावरून कानस नुसती घसरते. इथे तिनं चांगला कीस काढला. अण्णा, म्हणजे आमच्या रत्नागिरीतल्या वर्कशॉपचे मालक, माझ्या मागेच उभे होते.

"मुंबईला हेच शिकलास?"

"अजून एकदा बघतो, अण्णा."

"एकदाच. नाहीतर तू आपला मुंबईला परत जा."

आईनं अंथरूण धरलं म्हणून तर मी मुंबईची नोकरी सोडून आलो होतो. तिला दुसरं कोणी नव्हतं.

होड्यांच्या खिळ्यांना तांब्याच्या चकत्या लागतात. त्या पत्र्यातून ठोकून कापायचं हत्यार म्हणजे हा पंच. टूल स्टील, म्हणजे हत्यारांचं कडक पोलाद, मुंबईहून यायचं आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. म्हणून साध्या मऊ पोलादाचा पंच करून त्याचं केस हार्डनिंग करायचं ठरलं. म्हणजे लोखंडी पेटीत कोळसा आणि जाळलेल्या हाडांचा चुरा भरून त्यात पंच पुरायचा, झाकण मातीनं लिंपायचं आणि पेटी दिवसभर भट्टीत लाल ठेवायची. कोळशातला कार्बन पोलादाच्या कातडीत मुरतो; हाडांच्या चुऱ्यानं तो लवकर मुरतो, नुसत्या कोळशानं दिवसभरात पुरेसा नाही. मग तापवून पाण्यात बुडवला की पंच वरून कडक, आतून चिवट.

मी पोलाद तपासलं, पेटी तपासली, भट्टीचा ताव तपासला. सगळं ठीक. शेवटी हाडं बघायला मागच्या पडवीत गेलो, तर हाडांच्या पोत्याची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. पेटी भरायचे भिकूमामा, आमचे म्हातारे लोहार.

"मामा, हाडं घातली नाहीत?"

"रोज भट्टीच्या पाया पडतो मी. तिच्यात हाडं कशी घालू?"

"मासे तर चालतात तुम्हाला."

"मला चालतात. भट्टीला नाय चालत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी?"

मला रागही आला आणि हसूही. मुंबईत हाडं संपली की आमचा फोरमन कोळशात धुण्याचा सोडा मिसळायचा, ते आठवलं. त्यानंही कार्बन लवकर मुरतो.

"सोडा चालेल?"

मामांनी जरा विचार केला. "सोड्याला काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच पेटी भरली. संध्याकाळी पंच पाण्यातून निघाला. अण्णांनी माझ्या हातातली कानस घेऊन स्वतः चालवली. घसरली. जोर लावला, तरी घसरली.

"उद्यापासून चकत्या पाडायला घे," एवढंच म्हणाले.

मी घरी जाऊन आईला सांगितलं, आता कुठे जात नाही. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पुढे पुष्कळ वर्षं हेच काम केलं. पण त्या तीन पंचांपायी मी पोलादाची एवढी उलटतपासणी केली आणि भिकूमामांना एक साधा प्रश्न विचारला नाही, याची अजून लाज वाटते.