कॉपीताई

संगणकावर काही बिघडलं की कॉपीताई आधी खळखळून हसायच्या. पारनेरच्या आमच्या वधू-वर सूचक केंद्राचं संगणकाचं काम त्या बघत. मूळच्या कर्जतकडच्या, आवाज दोन शेतं ओलांडून जाणारा. कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी तिची कॉपी काढून ठेवायच्या, म्हणून हे नाव मीच पाडलं. मी तेव्हा केंद्राचा चिटणीस होतो.

मेळावा तोंडावर आला आणि जुना संगणक बंद पडला. ताईंनी बॅकअप नव्यावर चढवला, तर मुलींच्या यादीत सीमाच्या जागी उमटलं à¤¸à¥€à¤®à¤¾. सगळ्याच नावांची ही गत. भाच्यासाठी स्थळ बघायला आलेले एक मामा चष्मा पुसत म्हणाले, "ताई, ही पोरगी कुठल्या देशाची हाय?"

"सोनईचीच हाय, मामा!" ताईंना हसू आवरेना. "अक्षरं शाबूत हायत, मशीन चुकीचं वाचतंय. भ्यायचं ते प्रश्नचिन्हांना. ती आली की अक्षर गेलंच."

ताई मामांना चहाला घेऊन गेल्या आणि मला दुरुस्तीची हौस आली. बॅकअपची फाइल उघडली, एक पर्याय बदलला, सेव्ह केली, पुन्हा चढवली. पडदाभर प्रश्नचिन्हं! वर नेमके अध्यक्ष अण्णा दारात. ताई त्यांच्या मागोमाग.

"हे कुणी केलं?"

मी माउसवरचा हात हळूच काढून घेतला. ताईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझ्याच हातनं झालं, अण्णा."

अण्णा तणतणत गेले. ताई कानाशी पुटपुटल्या, "काका, सगळ्यांची लग्नं मोडलीत की वो!" मग पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्यांची कॉपी होती. या वेळी त्यांनी संगणकाला कुठल्या पद्धतीनं वाचायचं ते आधी सांगितलं, आणि सीमा पदर सावरून बसावी तशी आपल्या जागी आली. मेळावा दणक्यात झाला. मामांचा भाचा सोनईचा जावई झाला.

पण 'हलगर्जी बाई' म्हणून पुढच्या वर्षी समितीनं काम दुसऱ्याला दिलं. त्या बैठकीचा वृत्तांत मीच लिहिला आणि गप्प बसलो. ताईंनी कर्जतला स्वतःचा क्लास काढला. भेटल्या की एवढंच म्हणत, "काका, सोनईच्या लग्नाच्या जेवणाला मला इसरलात."

काल हे सगळं संगणकावर लिहून त्यांना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून तेच हसू. "लई भारी, काका! पण कॉपी काढली का?"

काढली नव्हती. आज काढली, आणि अण्णांच्या हातात नेऊन दिली.