सरावाच्या मुलाखतीतली बाई

वृंदाच्या भावाचा, सुधीरचा फोन आला तेव्हा मी कोठी बाजारातल्या एका पुस्तकांच्या दुकानात होते. "ताई गेली," म्हणाला. आणि लगेच, मला माहीतच असणार अशा आवाजात, "गाठ फारच पसरली होती ना..." कसली गाठ? दुकानदाराच्या स्टुलावर बसून मी विचारत राहिले. स्तनातली गाठ. तिला वर्षभरापासून ठाऊक होती. मला, तिच्या सख्ख्या मैत्रिणीला, पत्ता नाही. महिना उलटला. रडू आता कमी येतं, राग मात्र उतरत नाही.

वृंदाला लहानपणी पोलिओ झालेला. आधी पायाला आधाराचं कॅलिपर, मग व्हीलचेअर. आम्ही दोघी एका छोट्या संस्थेत अपंग माणसांच्या आजारपणांचा अभ्यास करायचो. तिचं म्हणणं साधं होतं, "पायानं कुणी मरत नाही गं. दवाखान्याचा जिना, रिक्षाचं भाडं, अन् 'हिला आता आणखी काय झालं' म्हणणारं घर, ह्यांनी मरतात." सिकंदराबादेत एखाद्या घरी गेलो की सासू सुनेला बोलू द्यायची नाही. मग वृंदा गोड हसून म्हणायची, "अम्मा, जरा चाय पिलाते क्या?" सासू स्वयंपाकघरात गेली की ही खुर्ची पुढे सरकवून नेमकं विचारायचं ते विचारून घ्यायची. चहा येईपर्यंत सून रडून मोकळी झालेली असायची.

नवे प्रश्न हाती आले की आधी आम्ही एकमेकींवर सराव करायचो. एकीनं विचारायचं, दुसरीनं कुठल्यातरी भेटलेल्या बाईच्या जागी बसून उत्तरं द्यायची. गेल्या उन्हाळ्यात मी विचारत होते, वृंदा बाई झाली होती.

"त्रास कळूनही दवाखान्यात का गेला नाहीत?"

"गेले होते की एकदा. तिथलं मशीन उभ्या माणसासाठी. मला उभं राहता येत नाही. मग दोन वॉर्डबॉय आले, काखेत हात घालून उचललं. ब्लाउज काढलेला होता, मॅडम..."

"पुन्हा गेलात?"

"नक्को. एकदा पुरे झालं."

मी खूश! म्हटलं, काय हुबेहूब करतेस गं, कुठली ही बाई? "मलकपेठची," वृंदा म्हणाली आणि हसली. मलकपेठेत आम्हाला बऱ्याच बाया भेटल्या होत्या. वृंदाचं घरही मलकपेठेतच.

तेराव्याला सुधीरनं मशीनचं, त्या दोघा वॉर्डबॉयचं सगळं सांगितलं. म्हणजे वृंदा, तू मला सांगितलंस, पण मला कळू नये अशा बेतानं. जगभरच्या बायांना 'दुखणं लपवू नका' सांगत फिरलीस आणि मला चक्क बनवलंस. अगं, प्रवासात तुला न्हाऊ घातलंय मी, साडी नेसवलीय. त्या मशीनसमोर मी धरलं असतं तुला. माझ्यापुढे कसली लाज? ही फसवणूक आहे, आणि ती मेलेल्या माणसानं केली की भांडायलाही कुणी उरत नाही.

ऑफिसातल्या टेबलाच्या एका बाजूला आम्ही कधी खुर्ची ठेवलीच नाही, वृंदा आपली घेऊन यायची. आता नव्या मुली तिथे खुर्ची ओढून बसतात आणि छान उत्तरं देतात. सराव संपला की मी पेन खाली ठेवते आणि विचारते, "हे तुझं स्वतःचं तर नाही ना?"

मुली हसतात, नाही म्हणतात. माझा विश्वास बसत नाही.