कागदावरचा डावा गुडघा

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "उजव्या गुडघ्याचं एसीएल पूर्ण तुटलंय. आणि हे आजचं नाही, तीन-चार वर्षांपूर्वीचं आहे."

मग त्यांनी माझ्या प्लास्टिकच्या पिशवीतले जुने कागद चाळले. एक कागद त्यांनी दोनदा वाचला.

"इथे तर गुडघा नॉर्मल लिहिलंय. थांबा, हा डावा आहे. दुखत होता कोणता?"

"उजवा."

"मग डावा का तपासला?"

त्याचं उत्तर द्यायला मला पुढे आणखी दहा वर्षं लागली. आता सगळं सांगतो, कारण कबड्डीच्या मैदानांवर माझ्यासारखे शहाणे अजून कमी झालेले नाहीत.

मी सिंदी रेल्वे या गावचा. मैदानात उजवा कोपरा सांभाळायचो. चढाईला आलेल्याचा घोटा पकडायचा आणि सोडायचा नाही, एवढंच माझं काम, आणि ते मला चांगलं जमायचं. तेव्हा खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळायची. नाव लागलं की घरादाराचं भलं होतं, हे आमच्या संघातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. माझी सगळी मदार त्यावरच होती. दुसरं मला काही येतही नव्हतं.

तळेगावच्या स्पर्धेत उपांत्य सामना होता. घोटा धरून मी वळलो, पाय मातीत रुतून राहिला आणि गुडघ्याच्या आत काहीतरी 'कट्' झालं. आवाज मला स्वतःला ऐकू आला. अर्ध्या तासात गुडघा नारळाएवढा झाला. आमचा कप्तान वसंतभाऊ होता. संघात कुणाचाही हातपाय सरकला की तोच ओढून बसवायचा. त्यानं पाय ओढला, हळद-तुरटीचा गरम लेप लावला आणि म्हणाला, "अबे, वाटी सरकली हाये, दुसरं काई नाई. उद्या आष्टीसंग फायनल हाये. आष्टीवाल्याईले समजलं त ते त्याच पायावर येतील. नी-कॅप डाव्या पायाले घाल."

नी-कॅप म्हणजे गुडघ्यावर चढवायचा ताणाचा पट्टा. तो दुखऱ्या गुडघ्यावर घालायचा असतो. पण आमच्याकडे युक्ती वेगळी होती. पट्टा चांगल्या गुडघ्यावर घालायचा. समोरचा तिकडे झेपावतो आणि दुखरा पाय वाचतो. भागातले जवळजवळ सगळेच संघ हे करायचे आणि प्रत्येकाला वाटायचं की फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरेना, म्हणून मला दवाखान्यात नेलं. बाहेरच्या बाकावर कोण बसलेलं असावं? आष्टीच्या संघातले दोघे. त्यांच्यातल्या एकाचं बोट निखळलं होतं. त्यांनी माझ्या डाव्या पायावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. मी लगेच डाव्या पायानं लंगडायला लागलो.

तपासणीची खोली म्हणजे एक पडदा होता, आणि तोही अर्धा. डॉक्टरांनी विचारलं, "कोणता गुडघा?" बाहेर ते दोघे कान देऊन बसलेले.

मी म्हणालो, "डावा."

पँटीचा डावा पाय पट्ट्याच्या वर गुंडाळलेला, उजवा गुडघा मात्र ढगळ पँटीत लपलेला होता. डॉक्टरांनी डावा वाकवला, ओढला, एक्स-रे काढायला लावला. सगळं ठीक निघालं. त्यांनी लिहिलं, 'डावा गुडघा नॉर्मल.' चूक त्यांची नव्हती. रोगी स्वतःच खोटं बोलत असेल तर डॉक्टरांना काय स्वप्न पडणार आहे?

संध्याकाळची फायनल मी खेळलो आणि आम्ही जिंकलो. हार घातला, फोटो निघाला. फोटोत मी हसतोय आणि सगळं वजन डाव्या पायावर आहे. आज तो फोटो पाहिला की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढची चार वर्षं तो गुडघा कधीही दगा द्यायचा. सायकलवरून उतरताना, शेतात बांधावर, एकदा तर मावसभावाच्या लग्नात अक्षता टाकताना. मधूनच वाकलेल्या स्थितीत अडकायचा. वसंतभाऊ ओढून, पिळून मोकळा करायचा, आणि तो मोकळा व्हायचाही. इथंच घात झाला. आम्हाला वाटायचं वाटी बसली.

खरं काय होत होतं ते नंतर डॉक्टरांनी समजावलं. एसीएल म्हणजे अँटीरिअर क्रूशिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारी दोरी. ती तुटली की हाडं एकमेकांवर सरकतात. दोन हाडांच्या मध्ये गादी असते, तिला मेनिस्कस म्हणतात. सरकून सरकून ती फाटते आणि तिचा तुकडा दारात अडकलेल्या पायपुसण्यासारखा मध्येच अडकतो. वसंतभाऊ पाय ओढायचा तेव्हा तो तुकडा फक्त बाजूला व्हायचा, आणि प्रत्येक वेळी आणखी थोडा फाटायचा.

"एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्या दिवशी कुणी उजव्या गुडघ्याला नुसता हात लावून ओढून पाहिला असता, तरी कळलं असतं."

नोकरीच्या निवडचाचणीत, नागपूरला, तिसऱ्याच पकडीला गुडघा अडकला. निवडणारे समोर खुर्च्यांवर आणि मी मातीत पाय दुमडून बसलेलो. ओढायला वसंतभाऊ नव्हता. दोघांनी उचलून बाहेर ठेवलं. यादीत नाव आलं नाही. येणार तरी कसं?

मग एमआरआय निघाला आणि ऑपरेशन झालं. दुर्बीण घालून करतात, त्याला आर्थ्रोस्कोपी म्हणतात. नवी दोरी बसवली, पण गादीचा फाटलेला भाग काढून टाकावा लागला. तो परत येत नाही. त्यानंतरचे महिने मी कुणाशीही चांगलं बोललो नाही. पाय वाळून काठीसारखा झाला होता. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचं. दिवसातून शंभरदा. भेटायला येणारा प्रत्येक जण नवा इलाज सांगायचा आणि चहा पिऊन जायचा. एकानं एरंडाचं पान सांगितलं, दुसऱ्यानं शनिवारचा उपास. आई सगळ्यांना "हो बापा" म्हणायची आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो. एकदा मी तिच्यावरही ओरडलो. ती म्हणाली, "तुले राग कोनाचा येऊन राह्यला, ते पह्यले ठरव." मला ते पक्कं ठाऊक होतं, पण तिला सांगायची हिंमत नव्हती.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट डोक्यात बसवली. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मैदानावर परतलो, पण पहिला वेग गेला होता. वयही निघून गेलं. मग शिकवायला लागलो. मुलींचा संघ तयार केला. पकडी शिकवल्या, पायांची ठेवण शिकवली. आणि सांगायला लाज वाटते, नी-कॅपची युक्तीसुद्धा मीच शिकवली. एवढं भोगूनही मला अक्कल आली नव्हती.

सुनंदा आमची सगळ्यात चांगली चढाईपटू. आष्टीकडच्या एका खेड्यातली, आई-वडील मजुरीला जाणारे. जिल्हा संघाच्या निवडीला दहा दिवस उरले होते. तिच्या डाव्या गुडघ्यावर नी-कॅप दिसली. विचारलं तर म्हणाली, "थोडंसं खरचटलं सर." त्या दिवशी आम्ही सामना खेळून एसटीनं परतलो. ती माझ्यापुढे उतरली. दांडा धरून तिनं उजवा पाय आधी खाली टाकला, अगदी जपून.

मी तिला तिथंच थांबवलं.

"उजवा हाये न?" मी विचारलं.

"नाई सर, माह्या उजव्या पायाले काईच नाई झालं."

"सुनंदा, हे मीच शिकवलं तुले. मले शिकवू नको."

ती रडायला लागली. "सर, निवड होऊ द्या, मग जाऊ दवाखान्यात. तुमच्या पाया पडतो." तिच्या जागी असताना मीही हेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. आणि पाहतो तर बाकावर निवड समितीतले एक सर बसलेले, हातात शुगरचा रिपोर्ट. पट्ट्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं पोरीला?" सुनंदानं माझा शर्ट मागून घट्ट धरला.

तेवढ्यात आमचा नंबर आला. इथं दारच नव्हतं, पडदाही नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "कोणता गुडघा?"

ती म्हणाली, "डावा."

मी म्हणालो, "उजवा. पट्टा चुकीच्या पायावर आहे. कारण तसं मी शिकवलंय. चौदा वर्षांपूर्वी मीही असाच खोटं बोललो होतो, म्हणून आज खुर्ची धरल्याशिवाय मला उठता येत नाही."

मी हळू बोललो नाही. बाकावरच्या सरांनी ऐकलं. त्या वर्षी सुनंदाची निवड झाली नाही.

तिची दोरी पूर्ण तुटली नव्हती. थोडी फाटली होती, त्याला पार्शिअल टिअर म्हणतात. गादी शाबूत होती. ऑपरेशन लागलं नाही. सहा महिने पट्टा, व्यायाम आणि मैदान बंद. त्या सहा महिन्यांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचे वडील एकदा मैदानावर येऊन म्हणाले, "सर, पोरीचं नशीब तुमी तोंडानं घालवलं." मला वाईट वाटलं आणि रागही आला, पण पुन्हा तोच प्रश्न कुणी विचारला तर मी पुन्हा तेच सांगेन.

सातव्या महिन्यात ती मैदानावर आली. दोन्ही गुडघे उघडे. नवीन मुलींना रांगेत बसवून तिनंच सांगितलं, "जो दुखते तोच पाय सांगजो. सरले फसवू नका, त्याईले सगळं समजते."

सगळं समजायला मला चौदा वर्षं लागली, हे मी तिथं बोललो नाही.

माझ्या गुडघ्यात आता ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे, म्हणजे हाडाला हाड घासतं. थंडीत सकाळी पहिली दहा पावलं शिव्या देत टाकतो. त्या डॉक्टरांचे आणि व्यायामवाल्या बाईंचे उपकार आहेत, नाहीतर तीही टाकता आली नसती. तुम्ही खेळत असाल आणि गुडघा सुजला असेल, तर बाकावर कोण बसलंय ते पाहू नका. दुखतो त्या गुडघ्यावर बोट ठेवा.

तो जुना कागद मी जपून ठेवलाय. त्यावर लिहिलेलं अजूनही खरं आहे. माझा डावा गुडघा आजही नॉर्मल आहे.