घरच्या नंबरावर उशांचं दुकान

“पोरगी काय तुमच्या दुकानातला माल हाय काय?”

केळापूरहून आलेले आमचे होणारे व्याही, म्हणजे धाकट्या बहिणीचे होणारे सासरे, अंगणात उभे राहून असे ओरडले, की तिकडे त्यांच्या गोठ्यातल्या बैलांनीही कान टवकारले असतील. हातातला फोन त्यांनी वडिलांच्या नाकाशी धरला. “मी कळवतो का पोरगी पसंत हाय, अन् तुमच्याकडून जवाब काय येते? ‘ऑर्डरबद्दल धन्यवाद. अर्धे पैसे आगाऊ. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. आभाळानं काही मदत केली नाही.

त्याचं असं झालं. त्या वर्षी कापसाला इतका सुंदर भाव होता, की महागावचे व्यापारी आमच्या गाडीकडे राखेचं पोतं आणल्यासारखं बघायचे. कापूस घरातच राहिला. आमची मांजर दिवाळीला त्यात शिरली ती होळीला पिल्लं घेऊनच बाहेर आली. शेवटी धाकट्या बहिणीनं त्यातली सरकी काढून घेतली, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला आणि उशा शिवून फोनवर विकायला काढल्या. विकायच्या कुठून, तर माझ्या साध्या, घरच्या निरोपांच्या खात्यावरून.

तिथंच फसलो. घरच्या खात्यावर सगळे सोयरे. आणि आमच्याकडे गादी-उशी म्हणजे लग्नात पोरीसोबत द्यायची वस्तू. सोयऱ्याकडून उशीचे पैसे मागणं म्हणजे त्याला जेवायला बसवून ताटाचं भाडं मागणं. “घरचंच हाय ना,” म्हणत अर्धा तालुका उशा घेऊन गेला. सगळं गणगोत गाढ झोपलं. धंदा त्यांच्या आधी झोपला.

“दादा, नवा नंबर घे अन् धंद्याचं खातं काढ,” बहीण म्हणाली. पण अक्कल वाटायला बसलो की मी कुणाचं ऐकत नाही. नव्या नंबराचा खर्च कायले? मी घरच्याच नंबराचं धंद्याचं खातं करून टाकलं. आपोआप जाणाऱ्या उत्तराच्या रकान्यात ती तीन वाक्यं लिहिली आणि दिवसभर गिरणीमालकासारखा हिंडलो.

मावशीनं सकाळी फुलाचं चित्र पाठवलं, तिला अर्धे पैसे आगाऊ मागितले गेले. तेव्हापासून तिची फुलं बंद आहेत, हा निव्वळ नफा. चुलत्यानं मयताच्या तेरवीचं बोलावणं धाडलं, त्यालाही ऑर्डरबद्दल धन्यवाद. आणि मग ही सोयरीक.

“आजच्या आज ते दुकान बंद,” व्याही गरजले, “तरच पुढचं बोलणं!”

वडील लगेच “हो, हो” म्हणाले. तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली. “काकाजी, चूक दादाची हाय. घरच्यासाठी तो नवा नंबर घेईन. दुकान चालूच राहीन. नसंल जमत तर सोयरीक मोडून टाका.”

वडिलांचा चेहरा आमच्या कापसाहून पांढरा पडला. बाजारात नेला असता तर चांगला भाव आला असता. चांगलं स्थळ हातचं चाललं होतं आणि पोरगी कपात चहा ओतत होती.

व्याही घुश्शात खाटेवर बसले. चहा प्याले. पाठीशी बहिणीनं शिवलेली उशी होती, तिला कोपर टेकलं. मग खांदा. मग डोकं. मग असे घोरले, की ओसरीच्या छपरावरची कवेलू खडखडली.

उठले ते वेगळेच गृहस्थ होते. उशी दोन्ही हातांनी दाबून पाहत म्हणाले, “पोरगी पसंतच हाय. दुकानही राहू द्या. फक्त अशा दहा-बारा उशा आमच्या बैठकीसाठी धाडून द्या. आता घरचंच हाय.”

आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. बहीण तोवर काकाजीवरच अडून होती. तिनं रिकामा कप उचलला.

“धाडून देऊ, मामाजी. अर्धे पैसे आगाऊ.”