एका ‘येस’मुळे हुकलेली सहावी पातळी

कचेरीच्या आवारात टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. माझे शिक्षण नववीपर्यंतचे, हे मी कधी लपवले नाही. परंतु त्या आवारात इंग्रजी अर्ज लिहिणारा मी एकटाच होतो, हेही कोणी नाकारू नये. माझ्या भाचीला इंग्रजीची पहिली वाक्ये मीच शिकवली. नव्वदच्या दशकात ती सेलूहून वर्ध्याच्या शाळेत येत असे. शाळा सुटली की एसटीची वेळ होईपर्यंत ती माझ्या टेबलाशी बसे आणि मी सांगेन तो मजकूर लिहून काढी. तिचे आईवडील वांगी-टोमॅटो पिकवून बाजारात विकणारे. अशा घरातली मुलगी पुढे विमानतळावर नियंत्रक झाली. उतरा, थांबा, अमुक उंचीवर राहा, असे वैमानिकांना रेडिओवरून सांगणारी अधिकारी. यात माझा वाटा किती, हे मी स्वतः सांगत नाही.

दोन हजारचे दशक संपत आले तेव्हा तिच्या खात्यात इंग्रजी बोलण्याची नवी परीक्षा सुरू झाली. तिच्या सहा पातळ्या. चौथी मिळाली तर काम करता येते, पण काही वर्षांनी पुन्हा परीक्षा. पाचवीचेही तेच, फक्त जरा उशिरा. सहावी पातळी तज्ज्ञाची. ती मिळाली की जन्मभर पुन्हा कोणी विचारीत नाही. भाचीला सहावीच हवी होती, कारण नव्या भरतीच्या मुलांना शिकवण्याची एक जागा निघणार होती आणि त्या जागेसाठी सहावीची अट होती.

तिला पाचवी मिळाली.

ही बातमी घेऊन माझी बहीण भाजीच्या पिशवीसह थेट टेबलाशी आली. “दादा, पोरीची बारावी झाली, डिगरी झाली. आता तिले पाचवीत काऊन बसवलं?”

मी तिला समजावून सांगण्याआधीच शेजारचा स्टॅम्पवाला खिंकाळला. “मामा नववीत अटकला, भाची पाचवीत. खानदानी काम हाय, बाई!”

त्या माणसाशी मी आजही कामापुरतेच बोलतो.

पुढच्या रविवारी भाची रजेवर आली आणि निकालाचा कागद घेऊन पिपरी मेघेला माझ्या घरी आली. त्या कागदावर सहा रकाने होते : उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद. पाच रकान्यांत सहा. संवादाच्या रकान्यात पाच. आणि अंतिम निकाल पाच, कारण या परीक्षेत सर्वांत कमी गुण तोच निकाल धरतात. बेरीज नाही, सरासरी नाही. गावच्या शाळेतला मास्तरसुद्धा असा अन्याय करीत नाही.

“चुकलं काय तुहं?”

“परीक्षक पायलट बनून बोलून राह्यले होते. त्यांनी एक उंची मागितली. मले ती देता येत नव्हती. त्यांनी विचारलं, म्हणजे ती उंची तुम्ही देऊ शकत नाही? मी म्हटलं, येस.”

“बरोबरच बोलली! येस, देऊ शकत नाही.”

“इंग्रजीत तसं होत नाई, मामा. येस म्हणजे देऊ शकतो. त्यांनी थँक यू म्हटलं अन् वर चढले. मी लगेच दुरुस्त केलं, पण तोवर ते चढले होते.”

“कागदावरच ना?”

“कागदावरच.”

माझा संताप मला आवरेना. एका येसवर एका हुशार मुलीची जागा घालवायची! मी माझ्या टेबलाशी रोज विचारतो, तुमच्या नावावर दुसरी जमीन नाही? समोरचा म्हणतो, हो. मी लिहितो, नाही. सव्वीस वर्षांत एकही अर्ज त्यावरून परत आला नाही. आपल्याकडचा हो हा असाच असतो, आणि तो समजून घेणे हे शहाण्या माणसाचे काम आहे. शिवाय इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांना ही सहावी जवळजवळ घरपोच मिळते. ते रेडिओवर तोंडातल्या तोंडात, भरभर बोलतात, हे भाचीनेच मला पूर्वी सांगितले होते. त्यांचे गुण कोण कापतो?

त्याच रात्री जेवण न करता मी तीन पानांचा अर्ज लिहिला. त्यात मातृभाषेच्या वळणाचा मुद्दा घेतला, निकालाच्या पद्धतीचा घेतला, शेतकरी कुटुंबाचा घेतला. माझ्या हातून इतका चांगला अर्ज क्वचितच उतरला असेल. ती मुक्कामालाच होती; सकाळी तो तिच्यापुढे ठेवला.

“सही कर.”

तिने तिन्ही पाने शांतपणे वाचली. “नाई करत, मामा.”

“काऊन?”

“परीक्षक बरोबर हायेत. तुमच्यासमोर माणूस बसते. त्याचं मुंडकं हालते, ते पाहून तुम्ही नाही लिहिता. माह्यासमोर मुंडकं नाई. नुसता आवाज.”

“अन् ते भरभर बोलणारे?”

“ते खरंच वाईट बोलतात. पण त्यांना थांबवून पुन्हा विचारणं माह्यं काम हाय.”

मी तिला नको ते बोललो. तुझ्यात धमक नाही म्हणालो, साहेबांना घाबरतेस म्हणालो. तिने पाने दुमडून माझ्या हातात दिली आणि पाया पडून निघून गेली. पाया पडली नसती तर बरे झाले असते, इतका माझा अपमान झाला.

त्यानंतर ती घरी येई तेव्हा बोलण्याचा सराव करी. बहीण विचारी, “तुले चहा नाई पाह्यजे?” तर ही म्हणे, “चहा नको.” नुसता हो तिच्या तोंडून निघत नसे. बहीण वैतागे. “सरळ हो म्हण ना, पोरी! वकिलावानी काऊन बोलून राह्यली?” मीही तिथे बसलेला असे, पण मला त्यात हसू आले नाही. आपल्या आईशी बोलतानाही जिला जीभ तोलावी लागते, ती कोणासाठी तोलते, हा प्रश्न मला पडे.

काही महिन्यांनी ती पुन्हा परीक्षेला बसली. सहाही रकान्यांत सहा. बहिणीने आळीभर पेढे वाटले आणि एक माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी भाचीला फोन लावला आणि पहिला प्रश्न शिकवण्याच्या जागेचा केला.

ती जागा भरली गेली होती. एका नियंत्रकाला पहिल्याच खेपेला सहावी मिळाली होती, त्याला ती दिली. त्याच्या घरी लहानपणापासून इंग्रजीच बोलत, असे तिने सांगितले.

“आता तरी अर्ज करू,” मी म्हणालो. “झालेल्या उशिराचा.”

“कशाले, मामा? त्याचा एक तास मी मागं बसून ऐकला. चांगलं शिकवते तो. पोरायले सगळं समजून राह्यलं...”

तिचे बोलणे पुरे होण्याआधीच मी फोन ठेवला.